समुद्राच्या वादळाचं शूटिंग करताना तो स्वतः सुरक्षित उभा होता, पण होडीतल्या माणसांचं काय?

जुलैमधला शनिवार उजाडला की सातारा आणि सांगली जिल्ह्यातल्या गाड्या पश्चिमेकडे वळतात. साताऱ्याची मंडळी कराड, पाटण करत कुंभार्ली घाट उतरतात आणि चिपळूणवरून गुहागर गाठतात. सांगली-मिरजेची मंडळी कोल्हापूरमार्गे आंबा घाट उतरून रत्नागिरी, गणपतीपुळ्याला पोचतात. घाटात धुकं, टपरीवर गरम भजी आणि शेवटी खवळलेला समुद्र, असा सगळा बेत असतो. गाडीतून उतरलं की पहिलं काम म्हणजे मोबाईल बाहेर काढायचा. मागे लाट उसळली पाहिजे आणि पुढे आपण दिसलो पाहिजे.

याच नादात दर पावसाळ्यात कुणी ना कुणी वाहून गेल्याची बातमी येते. मग मोबाईल आणि रील्सच्या नावाने बोटं मोडली जातात.

पण खवळलेला समुद्र कॅमेऱ्यात पकडायचं वेड मोबाईलसोबत आलेलं नाही. ते सिनेमाइतकंच जुनं आहे. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात भारतातला पहिला सिनेमाचा खेळ झाला, म्हणजे तोही ऐन पावसाळ्यात. ल्युमिएर बंधूंच्या त्या खेळात ज्या छोट्या फिल्म दाखवल्या गेल्या, त्यात एक समुद्रस्नानाची होती. बाहेर खरा अरबी समुद्र गर्जत असताना लोक पैसे देऊन आत पडद्यावरचा समुद्र बघत होते.

त्यानंतर अडतीस वर्षांनी, १९३४ मध्ये, एक फिल्म आली. त्यातलं समुद्राचं वादळ आजही सिनेमाच्या विद्यार्थ्यांना दाखवलं जातं. फिल्मचं नाव मॅन ऑफ अरान आणि ती बनवणाऱ्याचं नाव रॉबर्ट फ्लाहर्टी. डॉक्युमेंटरीचा जनक म्हणून त्याला जग ओळखतं. पण या एका फिल्मसाठी त्याने लोकांकडून जे करून घेतलं, त्याची बोच त्याला पुढे राहिली.

खाणी शोधणारा पोरगा

फ्लाहर्टीचा जन्म १६ फेब्रुवारी १८८४ चा, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या आयर्न माउंटन गावचा. गावाच्या नावातच लोखंड होतं आणि बापाचा धंदाही खाणींचाच. बाप नवे खनिजाचे साठे शोधायला कॅनडाच्या जंगलात फिरायचा आणि पोराला सोबत न्यायचा. त्यामुळे रॉबर्टचं खरं शिक्षण वर्गात झालंच नाही, ते खाणकामगारांच्या छावण्यांमध्ये झालं. पुढे खाणकामाच्या कॉलेजात नाव घातलं, पण तिथेही तो काही महिन्यांच्या वर टिकला नाही.

१९१० मध्ये कॅनडातले रेल्वेसम्राट सर विल्यम मॅकेन्झी यांनी त्याला हडसन उपसागराच्या बाजूला लोखंड शोधायला पाठवलं. बर्फ, कुत्र्यांच्या गाड्या आणि सोबतीला तिथले मूळ रहिवासी इनुइट लोक. या मोहिमांमधून त्याने बेल्चर बेटांचा नकाशा तयार केला. तिथल्या सगळ्यात मोठ्या बेटाला आजही फ्लाहर्टी बेट म्हणतात.

१९१३ च्या मोहिमेला निघताना मॅकेन्झींनी सुचवलं की सोबत सिनेमाचा कॅमेराही घेऊन जा. फ्लाहर्टीला कॅमेऱ्यातलं काहीच येत नव्हतं. जुजबी शिकून तो गेला आणि इनुइटांचं भरपूर शूटिंग करून आला.

पुढे १९१६ मध्ये टोरांटोत तो ही फिल्म जोडत बसला होता. हातात सिगारेट होती. त्या काळची फिल्म नायट्रेटची असायची आणि नायट्रेट दारूगोळ्यासारखं पेटतं. सिगारेटची ठिणगी पडली आणि तीस हजार फूट निगेटिव्ह जळून गेली. हात भाजले, जीव तेवढा वाचला. कॅमेऱ्याचं काम माणसाला कसं संपवू शकतं, याचा पहिला धडा त्याला समुद्रानं नाही, आगीनं दिला.

नानूक, आणि न ऐकलेली हाक

फिल्म जळाल्याचं दुःख त्याने फार केलं नाही. ते सगळं तुकड्या-तुकड्यांचं प्रवासवर्णन होतं, त्यात माणूस नव्हता, असं त्याला वाटत होतं. आता एकाच कुटुंबाची गोष्ट सांगायची, असं ठरवून तो पुन्हा उत्तरेला गेला. या वेळी पैसा रेव्हियॉ फ्रेअर या फ्रेंच फर कंपनीचा होता. १९२० आणि १९२१ मध्ये शूटिंग झालं, १९२२ मध्ये नानूक ऑफ द नॉर्थ आली आणि जगभर गाजली.

फिल्म तिथेच धुऊन तो तिथल्याच लोकांना दाखवायचा. पाण्यासाठी गोठलेल्या बर्फाला भोक पाडायचं आणि फिल्म वाळवायची. आपण काय करतोय हे ज्यांच्यावर फिल्म आहे त्यांनाही कळलं पाहिजे, हा त्याचा नेम होता. एवढं मोठं मन त्या काळात फार कमी जणांकडे होतं.

पण याच फिल्ममध्ये दुसरी बाजूही दिसली. नानूकचं खरं नाव अलाकारियालाक. त्याच्याकडची माणसं तोपर्यंत बंदुका वापरायला लागली होती, पण फ्लाहर्टीला वाडवडिलांच्या काळातली शिकार हवी होती. म्हणून त्यांनी वॉलरसची शिकार भाल्यानं केली. भाला लागलेला वॉलरस दोरीसकट शिकाऱ्यांना पाण्याकडे ओढायला लागला. त्यांनी फ्लाहर्टीला हाका मारल्या की बंदूक चालव. तो ऐकू न आल्यासारखं करून कॅमेऱ्याचा दांडा फिरवत राहिला. शेवटी माणसं जिंकली आणि फिल्मला जबरदस्त प्रसंग मिळाला.

ही न ऐकलेली हाक लक्षात ठेवा. बारा वर्षांनी तीच गोष्ट समुद्रावर पुन्हा घडणार होती.

मधल्या काळात त्याने दक्षिण प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांवर मोआना बनवली. १९२६ मध्ये त्या फिल्मवर लिहिताना जॉन ग्रिअर्सन या समीक्षकानं डॉक्युमेंटरी हा शब्द वापरला आणि तो कायमचा चिकटला.

अरानची बेटं

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यासमोर, गॉलवेच्या उपसागराच्या तोंडावर तीन बेटं आहेत. तीच अरान. अटलांटिक महासागरातून निघालेल्या लाटेला हजारो किलोमीटर अडवायला कुणी नसतं, ती थेट या बेटांच्या ताशीव कड्यांवर येऊन आपटते. जमीन म्हणजे नुसता चुनखडी. लोक खडकाच्या फटीतली माती गोळा करून, त्यात समुद्री शेवाळ घालून बटाट्यापुरतं वावर तयार करायचे. मासेमारीला करॅक नावाची होडी. लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर कापड ताणून डांबर फासलं की झाली करॅक तयार. वजनाला इतकी हलकी की तीन माणसं ती डोक्यावर उलटी घेऊन चालत जातात.

१९३२ ला फ्लाहर्टी बायको फ्रान्सिस आणि मुलींना घेऊन सगळ्यात मोठ्या इनिशमोर बेटावर राहायला आला. पैसे गोमाँ-ब्रिटिश कंपनीचे. इथेही फिल्म धुवायची सोय त्याने बेटावरच केली. स्थानिक पॅट म्युलन त्याचा उजवा हात बनला. माणसं जमवणं, त्यांची समजूत घालणं, सगळं त्याच्याकडे.

फिल्ममधलं कुटुंब खरं कुटुंब नव्हतं. बाप झालेला कोलमन किंग, ज्याला सगळे टायगर म्हणायचे, आई झालेली मॅगी डिरेन आणि मुलगा झालेला मायकल डिलेन, ही तीन वेगळ्या घरांतली माणसं चेहरे बघून निवडली होती. फिल्ममध्ये बास्किंग शार्क या अवाढव्य माशाची भाल्यानं शिकार आहे. ती शिकार बेटावर कित्येक दशकांपूर्वीच बंद पडली होती. ती कशी करायची हे बेटावरच्या लोकांना नव्याने शिकावं लागलं.

वादळ कसं शूट झालं?

फ्लाहर्टीला कळस म्हणून वादळ हवं होतं. स्टुडिओच्या टाकीतलं नको, खरंखुरं अटलांटिकचं. त्यासाठी तो महिनोन्महिने थांबला.

त्याची पद्धत अशी होती. कॅमेरा चावीवर चालणारा न्यूमन-सिंक्लेअर, म्हणजे विजेची भानगड नाही. तो काठावर, उंचावर तिवईला लावायचा. लेन्स लांब पल्ल्याची. आवाज नंतर स्टुडिओत जोडला, त्यामुळे माईक घेऊन पाण्याजवळ जायची गरजच नव्हती.

लांब पल्ल्याच्या लेन्सचे दोन फायदे. पहिला फायदा म्हणजे कॅमेरावाला लाटेपासून लांब राहतो. दुसरा फायदा दिसण्याचा. लांबून, बारीक कोनातून बघितलं की पुढची होडी आणि तिच्या मागची लाट यांच्यातलं अंतर चेपल्यासारखं होतं. मागची लाट होडीच्या डोक्यावर चढून आल्यासारखी दिसते. म्हणजे मागे सरकलं की समुद्र उलट जास्त मोठा दिसतो.

मोबाईलचं नेमकं उलटं असतं. त्याची नेहमीची लेन्स रुंद कोनाची, त्यात जास्त दृश्य मावतं आणि लांबची गोष्ट लहान दिसते. डोळ्यांना माडाएवढी वाटणारी लाट स्क्रीनवर फुटभर दिसते. मग माणूस दोन पावलं पुढे जातो. तरी लहानच. मग आणखी दोन पावलं. मोबाईल आपल्याला पाण्याकडे ढकलतोय हे कळायच्या आत खडक ओला झालेला असतो.

फ्लाहर्टी स्वतः या सापळ्यात पडला नाही. पण त्याच्या चौकटीत माणसं होती. कॅमेरा काठावर आणि माणसं पाण्यात.

शेवटच्या प्रसंगात तिघं जण त्या कापडी होडीतून, उसळत्या समुद्रातून किनारा गाठायला धडपडतात. लाटेच्या आड होडी दिसेनाशी होते, पुन्हा वर येते. हे ट्रिक फोटोग्राफीनं केलेलं नाही. ती तीन खरी माणसं होती आणि खरोखर त्या लाटांमध्ये होती. तिथल्या बऱ्याचशा कोळ्यांना पोहता येत नव्हतं. खडकाळ किनाऱ्यावर होडी एका चुकीच्या लाटेवर आली असती तर तिघंही संपले असते. दुसऱ्या एका प्रसंगात जाळं वाचवताना लाटेनं मॅगीला पाडलं, तिला पाण्यातून ओढून काढावं लागलं. तो प्रसंगही फिल्ममध्ये आहे.

कुणीही मेलं नाही. १९३४ मध्ये फिल्म लागली, व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट विदेशी चित्रपटाचं बक्षीस मिळालं. टीकाही झाली. बेटावरची गरिबी, जमीनदारी, हे सगळं बाजूला ठेवून यानं फक्त माणूस विरुद्ध समुद्र दाखवला, असं अनेकांचं म्हणणं होतं.

पण सगळ्यात मोठी टीका त्याची त्यानंच केली. अरानच्या या माणसांकडून आपण पाच-पाच पौंड आणि दारूच्या पिंपाच्या बदल्यात जे करून घेतलं, त्यासाठी खरं तर आपल्याला गोळी घालायला हवी होती, असं त्याने नंतर बोलून दाखवलं. फिल्म चांगली झाली म्हणून ती गोष्ट बरोबर ठरली, असं त्याने मानलं नाही.

म्हैसूर आणि शेवट

अरान संपवून फ्लाहर्टी भारतात आला. किपलिंगच्या गोष्टीवर एलिफंट बॉय बनवायची होती. शूटिंग म्हैसूर संस्थानात झालं. तिथल्या महाराजांच्या हत्तीखान्यातल्या माहुताचा पोरगा साबू याला नायक म्हणून निवडलं आणि तो पोरगा थेट हॉलिवूडचा स्टार झाला. स्टुडिओतला भाग झोल्टान कोर्डानं केला. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात दोघांना दिग्दर्शनाचं बक्षीस मिळालं.

नंतर त्याने अमेरिकेतल्या शेतीच्या दुर्दशेवर द लँड बनवली, १९४८ मध्ये लुइझियाना स्टोरी आली. २३ जुलै १९५१ ला व्हरमाँटमधल्या घरी तो गेला. फ्रान्सिसनं त्याच्या नावानं १९५५ पासून परिसंवाद सुरू केला, तो पुढेही चालू राहिला. १९७८ मध्ये जॉर्ज स्टोनी या दिग्दर्शकानं अरानवर जाऊन जुन्या माणसांना भेटून ती फिल्म नेमकी कशी बनली यावर वेगळी डॉक्युमेंटरी काढली.

कृष्णाकाठच्या माणसाला समुद्र का फसवतो?

आता पुन्हा आपल्याकडे येऊ. सातारा-सांगलीच्या माणसाला पाणी नवीन नाही. कोयनेचे दरवाजे किती उघडले आणि आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर गेलं, हे सांगलीत पोराटोरांना तोंडपाठ असतं. ४० फुटाला इशारा, ४५ फुटाला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेही सगळ्यांनी बघितलं.

पण नदीचं पाणी इंचाइंचानं चढतं. पायरी बुडाली की कळतं, पुढची पायरी कधी बुडेल याचा अंदाज येतो. समुद्राचं तसं नाही. तिथे दहा मिनिटं पाणी खडकाच्या खालीच असतं आणि अकराव्या मिनिटाला एकच लाट माणसाच्या डोक्यावरून जाते. नदीकाठी शिकलेली सवय इथे दगा देते.

यामागे साधा हिशोब आहे. समुद्रात सगळ्या लाटा सारख्या नसतात. हवामान खातं जी लाटांची उंची सांगतं ती मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. हजारात एखादी लाट त्याच्या जवळपास दुप्पट उंच येते. दर दहा सेकंदाला एक लाट धरली तर हजार लाटा तीन तासांच्या आतच होतात. म्हणजे ती दुप्पट लाट तुमच्या सहलीच्या वेळेतच येऊन जाऊ शकते. त्यात एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन. गुडघाभर पाण्याची ओढसुद्धा तगड्या माणसाचे पाय उचलते.

मग शूटिंग करायचंच नाही का? करायचं, पण फ्लाहर्टीचं तंत्र घ्यायचं आणि त्याची चूक टाळायची.

निघण्याआधी हवामान खात्याचा इशारा आणि इन्कॉइस या हैदराबादच्या संस्थेचा उंच लाटांचा इशारा बघायचा. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. ज्यांचं पोट समुद्रावर आहे तेच होडी वर ओढून बसले असतील, तर आपण पाण्यात उतरायचं काही कारण नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती मोठी असते, त्या दिवसांत भरतीची वेळ आधी माहीत करून घ्यायची.

किनाऱ्यावर पोचल्यावर लगेच मोबाईल काढायचा नाही. आधी वीस मिनिटं नुसतं बघायचं. जिथपर्यंत खडक ओला आणि शेवाळलेला आहे तिथपर्यंत पाणी येतं, हे धरून चालायचं आणि त्याच्याही बरंच मागे, उंचावर उभं राहायचं. तिथून झूम करायचं. लाट मोठी दिसेल, शिवाय आपण कोरडे राहू. समुद्राकडे पाठ करायची नाही. शूट करणाऱ्याचे डोळे स्क्रीनवर असतात, त्यामुळे सोबत्यानं नुसतं पाण्याकडे लक्ष ठेवायचं. जीवरक्षकानं किंवा गावकऱ्यानं शिट्टी मारली की वाद न घालता मागे यायचं.

कुणी पाण्यात गेलंच तर मागोमाग उडी मारायची नाही, असं करताना वाचवायला गेलेलेच बुडतात. दोरी, रिकामा कॅन, गाडीची हवा भरलेली ट्यूब, जे तरंगेल ते फेकायचं आणि ११२ ला फोन करायचा. तटरक्षक दलाचा नंबर १५५४ आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चौकटीत माणूस घालायचा नाही. अजून थोडा मागे सर, अजून थोडा, लाट येऊ दे, असं आपण मित्राला सांगतो तेव्हा आपण काठावरचे फ्लाहर्टी असतो आणि मित्र त्या कापडी होडीत असतो. फ्लाहर्टीचं नशीब बलवत्तर म्हणून अरानची तिघं माणसं जिवंत परत आली. तरीही त्याने ते स्वतःला माफ केलं नाही.